बनी तो बनी : परभणीच्या उन्हातला असेंबल्ड संगणक

परभणीत पारा दोन्ही टोकं गाठतो. मे महिन्यात तो ४४ अंशांपलीकडं जातो आणि डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पाचाच्याही खाली उतरतो. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतले हे आकडे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत झळकतात आणि चहाच्या टपरीवर त्यांची चर्चा होते. एवढ्या फरकात माणसं स्वेटर घालून-काढून निभावून नेतात. कापूस आणि ज्वारी आपापला हंगाम धरून राहतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस या हवेत एक नवा पाहुणा राहायला आला. त्याला ना स्वेटर ठाऊक, ना हंगाम. तो म्हणजे टेबलावरचा, सुटे भाग जोडून बनवलेला संगणक. लोक त्याला ‘असेंबल्ड’ म्हणत.

या यंत्राचा इतिहास सहसा मुंबई-पुण्याच्या किंवा थेट कॅलिफोर्नियाच्या अंगानं सांगितला जातो. परभणीच्या अंगानं सांगितला की त्याची गोष्ट बदलते. तिथं ती वेगाची असते, इथं ती उष्णतेची होते.

महाराष्ट्राला सुट्या भागांतून संगणक उभा करण्याची सवय तशी जुनी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ पूर्ण झाला, तो शास्त्रज्ञांनी हातानं जोडलेला होता. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्या दिव्यांसारख्या तापत, म्हणून खोली गार ठेवावी लागे. पुढं अमेरिकेनं प्रगत क्रे महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा देशी महासंगणक बनवण्यासाठी १९८८ साली पुण्यात सी-डॅक या संस्थेची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याच्या पोटात बाजारात मिळणारे ब्रिटिश बनावटीचे ट्रान्सप्यूटर होते. चिप दुसऱ्यांची, जोडणी आणि अक्कल आपली. खरं तर हाही एका परीनं असेंबल्डच, फक्त फार मोठा.

परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र संगणक आला तो सरकारी वाटेनं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं, म्हणजे एनआयसीनं, देशभरातली जिल्हा मुख्यालयं उपग्रहामार्फत जोडायला घेतली. कार्यालयांतली ती खोली वेगळीच असे. खिडकीत एसी, दाराला पडदा, आत जायचं तर चपला बाहेर. चपला काढण्यामागं धुळीचं कारण होतं, पण त्यामुळं खोलीला देवघराची कळा आली. साहेबांच्या डोक्यावर नुसता पंखा आणि यंत्राला मात्र एसी, असं दृश्य तेव्हा अनेक कार्यालयांत दिसे. संगणक म्हणजे थंड खोलीत ठेवायची वस्तू, हा समज तिथूनच रुजला.

असेंबल्डनं तो समज मोडला, कारण त्याच्या नशिबी थंड खोली नव्हतीच.

त्याला वाट करून दिली ती धोरणांनी. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणानं आयातीची दारं किलकिली झाली, १९९१ नंतर ती उघडली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान वस्तूंच्या करारात सामील झाला आणि संगणकाच्या सामानावरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरत २००५ पर्यंत शून्यावर आलं. तैवानमध्ये बनलेला मदरबोर्ड, कोरियाची रॅम, सिंगापूरमार्गे आलेली हार्ड डिस्क हे सगळं मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर एकत्र होई. पाटीवर त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण व्यापाऱ्यांच्या आणि गिऱ्हाइकांच्या तोंडी जुनंच. आधी तिथं रेडिओचं सामान मिळे. वॉल्व्ह आणि कंडेन्सर विकणाऱ्या दुकानांनी हळूहळू प्रोसेसर आणि रॅम काउंटरवर मांडली.

परभणीकरांना दुसरी वाटही होती. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या लोकांची कोर्टकचेरी, शिक्षण आणि लग्नाची खरेदी हैदराबादेत झाली होती. राज्य गेलं तरी रेल्वे राहिली. त्यामुळं सिकंदराबादच्या पार्क लेनमधलं चिनॉय ट्रेड सेंटर, सगळ्यांच्या तोंडी ‘सीटीसी’, परभणीला परकं नव्हतं. मुंबईकडं जायचं तर पूर्वी लहान रूळ होते आणि मनमाडला गाडी बदलावी लागे. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात रूळ रुंद झाले आणि थेट गाड्या धावू लागल्या. संध्याकाळी देवगिरी एक्सप्रेसनं निघायचं, सकाळी मुंबईत उतरायचं, दिवसभर लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा, रात्री पुन्हा देवगिरी. दुसऱ्या दिवशी सकाळी परभणी स्टेशनवर उतरणाऱ्या माणसाच्या मांडीवर रात्रभर जपलेलं एक खोकं असायचं. हार्ड डिस्कला धक्का लागू नये म्हणून ती कपड्यांत गुंडाळलेली. मॉनिटरचं धूड बर्थखाली मावत नसल्यामुळं पायाशी.

सुट्या भागांचे भाव दररोज बदलत. व्यापारी कोटेशन देताना ‘आजचा रेट’ असं बजावून सांगत. मोंढ्यात, म्हणजे इथल्या शेतमालाच्या बाजारात, वाढलेल्या लोकांना यात काहीच नवल वाटलं नाही. सकाळी एक भाव, दुपारी दुसरा, हा कापसाचाही अनुभव. फक्त या भावांची कारणं दूरची होती. सप्टेंबर १९९९ मध्ये तैवानला भूकंप झाला आणि रॅम जगभर महागली. किल्लारीचा भूकंप मराठवाड्यानं सहाच वर्षांपूर्वी भोगला होता. तैवानचा भूकंप मात्र इथं दुकानदाराच्या कोटेशनमधून पोचला. २०११ च्या थायलंडमधल्या पुरानं हार्ड डिस्कचे भाव असेच चढवले. आपल्या टेबलावरचा डबा जगातल्या कुठल्या कुठल्या गावांशी बांधला गेला आहे, हे अशा वेळी समजे.

घरात संगणक यायचा तो बहुधा कापसाचे पैसे हाती आल्यावर किंवा नोकरदाराला फरक मिळाल्यावर. शतक संपताना असेंबल्डची किंमत चाळीस हजारांच्या आसपास होती आणि ती लहान नव्हती. यंत्र जोडून झालं की मॉनिटरवर कुंकवाचं स्वस्तिक निघे, नारळ फुटे. पेटीला सगळे ‘सीपीयू’ म्हणत. खरा सीपीयू म्हणजे आतली काड्यापेटीएवढी चिप, हे तंत्रज्ञ सांगून थकत. पण शब्द रुळला तो रुळलाच.

पहिले कष्टकरी गिऱ्हाईक होते डीटीपीवाले. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, साप्ताहिकं, निवडणुकीची पत्रकं असं सगळं काम पेजमेकरमध्ये श्रीलिपी किंवा आकृतीचे फाँट वापरून होई. श्रीलिपीसोबत प्रिंटरच्या पोर्टला लावायचं एक ‘लॉक’ येई. ते हरवलं तर अक्षरंच बंद, म्हणून मालक ते रात्री गल्ल्यात ठेवून जात. पुढं २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि संगणक साक्षरतेच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची लाट आली. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्राची अट लागू झाल्यावर जिंतूर, सेलू, गंगाखेड, पाथरी, मानवत अशा तालुक्यांच्या गावी दहा-दहा, वीस-वीस असेंबल्ड संगणकांच्या लॅब उभ्या राहिल्या. ही यंत्रं जोडणारे आणि दुरुस्त करणारे तरुण हीच त्या पिढीतली तंत्रज्ञांची फळी. कुणी आयटीआय केलेलं, कुणी पॉलिटेक्निकचं, कुणी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून सरकलेलं. संगणक चालू होत नसेल तर पहिला उपाय ठरलेला: रॅम काढा, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासा, पुन्हा बसवा. त्यानं नाही भागलं तर ‘फॉरमॅट मारा’.

याच फळीला केव्हातरी समजलं की प्रोसेसरवर छापलेला आकडा हा काही ब्रह्मलिखित नसतो.

त्या समजण्याला जगात एक तारीख आहे. २४ ऑगस्ट १९९८ या एकाच दिवशी इंटेलनं बाजारात आणलेल्या प्रोसेसरांपैकी दोन इथं महत्त्वाचे. एक पेंटियम टू, ४५० मेगाहर्ट्झचा, घाऊक किंमत ६६९ डॉलर. दुसरा सेलेरॉन ३००ए, ३०० मेगाहर्ट्झचा, १४९ डॉलरचा. त्या एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनला दुसऱ्या पातळीची कॅशे, म्हणजे हाताशी ठेवलेली जलद स्मृती, नव्हती आणि तो फार हळू म्हणून बदनाम झाला होता. नव्या ३००ए मध्ये १२८ केबीची कॅशे थेट चिपवर बसवलेली होती आणि ती चिपच्याच वेगानं धावे. प्रोसेसरचा वेग म्हणजे एक गुणाकार असतो: बोर्डाचं घड्याळ गुणिले चिपचा ठरलेला गुणक. सेलेरॉनचा गुणक साडेचार, बोर्डाचं घड्याळ ६६. दोन्हींचा गुणाकार ३००. गुणक कंपनीनं बंद करून टाकला होता, पण घड्याळ बोर्डाच्या हाती होतं. ते ६६ वरून १०० केलं की हिशेब होतो ४५०. म्हणजे छोट्याच्या पैशात मोठा.

असं का जमे, हे मोंढ्यातल्या माणसाला चटकन पटेल. एकाच शेतातला कापूस वेचून आणला तरी त्याची प्रतवारी होते. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर शेकडो चिप्स उगवतात, त्यांचीही चाचणी घेऊन प्रतवारी केली जाते. कुणी ३०० चा, कुणी ३३३ चा. पण बाजारात स्वस्त मालाला उठाव जास्त असला की व्यापारी काय करतो? चांगला मालही हलक्या गोणीत भरतो. सेलेरॉनच्या बाबतीत तेच झालं. ३०० चा शिक्का मारलेल्या कितीतरी चिप्सच्या अंगात ४५० ची धमक होती. ती शोधून काढणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग.

यातली एक गंमत अनेकांना पुढं अनुभवानं कळली. ६६ वरून एकदम १०० ला जायची भीती वाटली, तर मधला ८३ चा टप्पा सुरक्षित वाटे. प्रत्यक्षात धोका तिथंच जास्त. बोर्डावरच्या पीसीआय खाचेचं घड्याळ ३३ चं असतं आणि ते मुख्य घड्याळाला भागून मिळतं. १०० ला तीननं भागलं की बरोबर ३३. ८३ ला मात्र दोननंच भागलं जाई आणि ४१ पेक्षा जास्त येई. प्रोसेसर सुखात, पण त्याच घड्याळावर चालणाऱ्या हार्ड डिस्कवरच्या फाइली खराब. म्हणजे अर्धी उडी पूर्ण उडीपेक्षा महाग.

या खेळासाठी जगभर ज्याचं नाव घेतलं जाई तो अ‍ॅबिटचा बीएच६ बोर्ड. जिल्ह्याच्या बाजारात तो दुर्मिळ. इथं चालत ते मर्क्युरीसारखे स्वस्त बोर्ड, ज्यांच्या बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, घड्याळाला हात लावायची फारशी सोय नसे. मग आडवाटा निघाल्या. सेलेरॉनच्या पट्टीवरची ‘बी२१’ नावाची एक पिन सेलोटेपनं झाकली की बोर्डाला वाटे, हा १०० चा प्रोसेसर आहे. २००० मध्ये इंटेलच्या स्पर्धक एएमडीचा ड्युरॉन आला तेव्हा तर कमाल झाली. त्याच्या पाठीवर ‘एल१’ असं लिहिलेले चार छोटे पूल असत. ते तोडून कंपनी गुणक बंद करी. मऊ शिशाच्या पेन्सिलनं ते पूल जोडले की गुणक खुला, कारण पेन्सिलीतल्या ग्राफाइटमधून वीज वाहते. जगात कुठलीही पेन्सिल चाले. आपल्याकडं अर्थातच नटराज. रॅमला खोडरबर आणि ड्युरॉनला पेन्सिल: अब्जावधी डॉलरच्या उद्योगाशी झुंजायला कंपासपेटीतली दोन हत्यारं पुरली.

पण ड्युरॉन नाजूक. त्याची सिलिकॉनची चिप उघडीच असे. उष्णता ओढून घेणारा वरचा हीटसिंक बसवताना स्प्रिंगची क्लिप स्क्रू-ड्रायव्हरनं दाबावी लागे. हात सटकला की चिपचा कोपरा उडे नाहीतर बोर्डावर ओरखडा जाई. हीटसिंक नीट न टेकता यंत्र चालू केलं, तर ड्युरॉन काही सेकंदांत जळे, कारण स्वतःला बंद करून घेण्याची सोय त्यात नव्हती. वॉरंटी नावाची गोष्ट पेन्सिल लावली त्याच क्षणी संपलेली. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही इथली जुनी दख्खनी म्हण. दुसरीकडं जमलं तर ठीक, नाहीतर परभणी आहेच, असा तिचा अर्थ लावतात. पेन्सिल हातात धरून ड्युरॉनवर ओणवं झालेल्या माणसाची मनःस्थिती याहून नेमकी सांगता येणार नाही. फक्त तो आधीच परभणीत होता. मागं जायला जागा नव्हती.

आणि मग येई मे महिना.

चिपमध्ये निर्माण होणाऱ्या उष्णतेचा हिशेब सोपा आहे. वेग वाढवला तर उष्णता त्याच प्रमाणात वाढते. व्होल्टेज वाढवलं तर वर्गाच्या प्रमाणात. सेलेरॉन ३००ए ठरलेल्या वेगाला सुमारे १९ वॅट उष्णता टाके. ४५० ला नेला की ती दीडपट, म्हणजे २८ च्या पुढं. तो डळमळू नये म्हणून व्होल्टेज दोनवरून २.२ केलं, की ३४ च्या आसपास. ही उष्णता बाहेर काढायला पंखा आणि अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक. पण हीटसिंक काही थंडी निर्माण करत नाही. तो आतली उष्णता खोलीच्या हवेत सोडतो, एवढंच. समजा, चिप खोलीपेक्षा ३० अंश जास्त तापते. जानेवारीत खोली १५ अंशांवर असेल तर चिप ४५ वर. मे महिन्यात पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात दुपारी तीन वाजता खोलीच ४२ अंशांवर असते, तेव्हा तीच चिप ७२ वर. आकडा तोच, यंत्र तेच, पण जानेवारीत जो संगणक रात्रभर गाणी वाजवत चाललेला असतो तो मे महिन्यात गेम सुरू करताच गोठतो. उंदीर हलत नाही, स्पीकरमधून एकच आवाज घुमत राहतो, शेवटी मागचं बटण दाबावं लागतं.

जगातले ओव्हरक्लॉकर आपला आकडा टिकतो की नाही हे पाहायला खास प्रोग्रॅम तासन्‌तास चालवत. परभणीत वेगळ्या चाचणीची गरज नव्हती. हिवाळ्यात बसवलेला कुठलाही आकडा फेब्रुवारीत तुराबुल हक शाहबाबांच्या उरुसापर्यंत खरा वाटे. उरूस उलटला, ऊन चढू लागलं, की तो एकेक पायरी खाली आणावा लागे. वर्षभर टिकणारा वेग म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी टिकलेला वेग.

गारव्याचे उपाय सगळे घरगुती. मार्च उजाडला की पेटीचं बाजूचं झाकण काढून कॉटखाली सरकवायचं आणि उघड्या पोटासमोर टेबल फॅन लावायचा. कूलरचा झोत थेट घ्यावा तर हवेत ओल. कूलर असलेल्या खोलीत जुन्या बोर्डांचे स्क्रू आणि पत्रा गंजे. झाकण काढलं की धूळ आत. ही धूळही साधी नाही: काळ्या मातीची बारीक भुकटी, आणि जिनिंगच्या गावांत तिच्यात कापसाचे तंतू. हीटसिंकच्या फटींत नमद्यासारखा थर साचे आणि पंखा नुसताच फिरत राही. तंत्रज्ञ ब्लोअरनं तो उडवी तेव्हा दुकानासमोर काळा ढग उठे. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम केलेल्या कारागिरांना यातलं बहुतेक आधीपासून ठाऊक होतं. विहिरीवरची मोटार कशानं जळते? कमी दाबाच्या विजेत जास्त काम ओढल्यानं आणि उष्णता बाहेर न पडल्यानं. संगणक हे त्यांना त्याच जातीचं, फक्त लहान यंत्र वाटलं, आणि ते चुकीचं नव्हतं.

युरोप-अमेरिकेत याच सुमाराला काही हौशी मंडळी चिपवर द्रवरूप नायट्रोजन ओतून विक्रम करू लागली. उणे १९६ अंश तापमानाच्या त्या द्रवाची छायाचित्रं मासिकांत बघून शहरातल्या पोरांना नवल वाटे. नवल असं की हाच द्रव परभणीच्या खेड्यापाड्यांत रोजच्या वापराचा. पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी लाल कंधारी किंवा देवणी वळूच्या वीर्याच्या कांड्या ज्या गोल अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनमध्ये ठेवतात, त्यात द्रव नायट्रोजनच असतो. झाकण उघडलं की तीच पांढरी वाफ. एवढी थंड वस्तू सायकलीला बांधून गोठ्यापर्यंत जात होती आणि शहरातला संगणक उन्हानं कासावीस होता.

उन्हाच्या जोडीला भारनियमन. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं. त्यानंतरची काही वर्षं गळती आणि वसुली बघून फीडरचे गट पाडले गेले आणि गटानुसार वीज जायची. वेळापत्रक पाठ करावं लागे. याचा सर्वांत मोठा फटका बसला तो लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणाऱ्यांना. हळदीपासून पाठवणीपर्यंतचं चित्रण कॅसेटवरून संगणकात घ्यायचं, त्यात फुलांच्या चौकटी आणि गाणी घालायची, आणि मग ‘रेंडरिंग’ लावून द्यायचं. तीन तासांच्या लग्नाला रात्र रात्र लागे. जिल्ह्यात वेगाची खरी भूक कुणाला असेल तर ती यांना. प्रोसेसर पंधरा-वीस टक्के पळवला तर वीज जाण्यापूर्वी काम संपण्याची शक्यता तेवढी वाढते, असा तो रोकडा हिशेब. पण पळवलेलं यंत्र वीजही जास्त ओढतं, मग ६०० व्हीएचा यूपीएस दहा मिनिटांऐवजी पाचच मिनिटं तग धरतो. वीज पुरवणारा स्वस्त एसएमपीएस ‘फट’ करून उडतो आणि जाताना बोर्डालाही घेऊन जातो. घरात अर्थिंग नसेल तर पेटीला बोट लावताच मुंग्या. म्हणून शहाणे मिक्सिंगवाले वेग वाढवण्याआधी खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून अर्थिंग करून घेत. वेगाची पहिली पायरी अंगणात होती.

हे सगळं चाललं असताना दूरवर मोठ्या कंपन्याही त्याच भिंतीवर डोकं आपटत होत्या. मार्च २००० मध्ये एएमडी आणि इंटेल यांनी दोनच दिवसांच्या अंतरानं एक गिगाहर्ट्झ गाठला. त्यानंतर पेंटियम फोरनं आकड्यांची शर्यत लावली. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेली त्याची ‘प्रेस्कॉट’ नावाची आवृत्ती शंभर वॅटच्या पुढं तापू लागली. चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर जाहीर करून बसलेल्या इंटेलनं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो बेत सोडून दिला. कारण उष्णता. जगातल्या सर्वांत मोठ्या चिप कंपनीला ऑक्टोबर २००४ मध्ये जे मान्य करावं लागलं, ते परभणीतला मिक्सिंगवाला दर मे महिन्यात मान्य करत आला होता: वेग किती मिळेल हे शेवटी उष्णता किती बाहेर काढता येते यावर ठरतं. जुलै २००६ मध्ये आलेल्या कोअर टू ड्युओनं मग दिशा बदलली. आकडा लहान, कोअर दोन, उष्णता ६५ वॅट.

हाच नियम २०१३ च्या दुष्काळात फार मोठ्या प्रमाणावर दिसला. परभणीहून साठेक किलोमीटरवर, बीड जिल्ह्यात परळीचं औष्णिक वीज केंद्र. त्याला पाणी मिळे ते परभणी जिल्ह्यातल्या, सोनपेठ तालुक्यातल्या खडका बंधाऱ्यातून. गोदावरी आटली, बंधारा कोरडा पडला आणि फेब्रुवारीत १,१३० मेगावॅटचं केंद्र बंद करावं लागलं. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती. वाफ करायला आणि ती थंड करायला पाणी नव्हतं. ड्युरॉनवर न टेकलेला हीटसिंक आणि कोरडा खडका बंधारा यांत तत्त्वाचा फरक नाही, आकाराचा आहे.

तोवर असेंबल्डचं युग उताराला लागलं होतं. जानेवारी २०११ मध्ये आलेल्या इंटेलच्या ‘सँडी ब्रिज’ पिढीत बोर्डाचं घड्याळ सगळ्याच भागांशी असं बांधलं गेलं की ते दोन-चार टक्क्यांपलीकडं हलवता येईना. गुणक खुला हवा तर ‘के’ अक्षर लावलेला महाग प्रोसेसर आणि त्याला साजेसा महाग बोर्ड घ्या. इथं एक गोष्ट उलटी झाली. स्वस्ताला महाग करण्यासाठी जन्मलेली ही विद्या आता महाग वस्तू घेणाऱ्यांचा छंद झाली. काचेच्या पेटीत रंगीत दिवे आणि पाण्याचे पाइप असलेली यंत्रं पुण्या-मुंबईच्या घरांत दिसू लागली. परभणीच्या तरुणानं या सुमाराला लॅपटॉप घेतला, आणि त्याच्या धाकट्या भावानं थेट मोबाइल. डीटीपीचं दुकान फ्लेक्सकडं वळलं. मिक्सिंगचं काम ज्यांनी टिकवलं त्यांनी संगणक नवे घेतले, ते पळवायची गरज उरली नव्हती. नव्या चिप हौशीनं पळवायची गोष्ट राहिली नाही, त्या आपल्या आपणच पळतात. खोली गार असेल तर छापील आकड्याच्या पुढं जातात, तापल्या की स्वतःच पाऊल आखडतं घेतात. उरुसानंतर बायोसमध्ये शिरून आकडा एकेक पायरी उतरवायचं जे काम माणूस करी, ते चिप आता सेकंदाला कितीतरी वेळा करते, कुणाला न सांगता.

म्हणून आजही परभणीतला तोच संगणक जानेवारीत किंचित जलद असतो आणि मे महिन्यात किंचित संथ. मालकाला ते जाणवत नाही. त्या काळातल्या कुणा तंत्रज्ञाला मात्र जाणवतं. तो दुकानात आलेल्या पेटीवर आधी हात ठेवून बघतो, किती तापली आहे, आणि मगच बटण दाबतो. त्याच्या घरी कॉटखाली एक पत्र्याचं झाकण असतं. मार्च महिन्यात कधीतरी काढलेलं, पुन्हा लावायचं राहून गेलेलं.